जानकीपुरमहून चौकात

प्रवासाची माझ्या डोक्यात एक पक्की घडी बसलेली होती: सकाळी इतिहास, संध्याकाळी खरेदी. आशियाच्या उंबरठ्यावरच्या इस्तंबूलला गेलो तेव्हा सकाळभर मशिदी आणि राजवाडे पाहिले आणि दुपारनंतर, चार हजारांवर दुकानं पोटात घेऊन बसलेल्या तिथल्या झाकल्या बाजारात शिरलो. बँकॉकला सकाळी राजवाडा, दुपारी चातुचाकचा बाजार. व्हिएतनाममधल्या होई आनला तर शिंपी बघता बघता कपडे शिवून देतात. तिथंही आधी जुना जपानी पूल, मग अंगाची मापं. टूर मॅनेजर घड्याळाकडे बोट दाखवून सांगणार, ‘मंडळी, साडेपाचला बसपाशी!’ ती शहरं मला मनापासून आवडली, अजूनही आठवतात. पण पाहायचं ते एकीकडे आणि घ्यायचं ते दुसरीकडे, हे मी धरूनच चालले होते.

लखनौनं ते मोडून काढलं. तिथं इमामवाडा बघताना मला माझी आजी आठवली, कुर्ता हातात घेतल्यावर नवाबी कशी बुडाली ते कळलं, आणि सोन्याच्या बाजारात चक्क आमच्या विट्याची बोली कानावर आली! कुठून सुरुवात करू आणि काय काय सांगू, असं मला आजही होतं.

माझ्या मावसबहिणीच्या यजमानांची बदली लखनौला झाली आणि त्यांनी जानकीपुरमला घर घेतलं. ‘ताई, थंडीत ये, थंडीतच ये,’ असा तिनं फोनवर धोशाच लावला होता. पुष्पक एक्स्प्रेसनं निघाले. मध्यरात्र उलटून गेल्यावर झाशी आली. मी मुद्दाम जागी राहिले होते. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या ऐन धुमाळीत याच झाशीत अडकले, हे ‘माझा प्रवास’मध्ये वाचल्यापासून झाशीचं स्टेशन मला नुसतं स्टेशन वाटत नाही. कानपूरपासून पुढं खिडकीबाहेर फक्त धुकं. चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा समोरचे लाल-पांढरे घुमट त्या धुक्यातून हळूहळू बाहेर येत होते.

जानकीपुरम म्हणजे लखनौचं उत्तरेकडचं अंग. जुनं शहर गोमतीच्या दक्षिणेला, हे उत्तरेला. सीतापूर रोड आणि कुर्सी रोडच्या मधल्या पट्ट्यात लखनौ विकास प्राधिकरणानं सेक्टर पाडून वसवलेली वस्ती. लखनौ विद्यापीठाचा नवा परिसर जवळच, इंजिनिअरिंग कॉलेज जवळच; त्यामुळे रस्त्यावर बॅगा पाठीला लावलेली पोरं, ई-रिक्षा, हातगाडीवर अमरूद आणि गरम मूंगफली. घरोघरी गच्चीवर ऊन खात मटार सोलणाऱ्या बायका. नवाबी थाटाचं इथं काही नाही, आणि म्हणूनच मुक्कामाला ही जागा फार छान! शहर कसं जगतं ते इथं दिसतं आणि शहर कशावर उभं राहिलं ते बघायला नदी ओलांडून जाता येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बहिणीनं उठवलं. ‘ताई, ऊन वर आलं की मक्खन मलाई संपली, मग मला बोलू नकोस.’ इंजिनिअरिंग कॉलेज चौराह्यावरून टेम्पो धरला. सीतापूर रोडनं सरळ खाली, डालीगंज, आणि मग लाल विटांचा पक्का पूल. खाली गोमती, वर धुकं, आणि पुलाच्या पलीकडे एकदम टीलेवाली मशीद, तिच्यामागे इमामवाड्याचे मिनार! टेम्पोत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी माझा चेहरा पाहून विचारलं, ‘पहली बार आई हैं?’ मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, ‘तो जल्दी मत कीजिएगा.’ इतका नेमका सल्ला मला कोणत्याही पर्यटन पुस्तकात मिळाला नव्हता.

चौक म्हणजे जुन्या शहराचा बाजार. तिथल्या गोल दरवाज्यापाशी मक्खन मलाईवाले मोठ्या परातींतून पिवळसर फेसाचे डोंगर मांडून बसलेले. दूध आटवायचं, रात्री उघड्या आभाळाखाली दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा फेस तेवढा अलगद काढून घ्यायचा. त्यात केशर, वेलची, साखर. थंडीतच होते, कारण थंडी आणि दव नसेल तर फेस धरत नाही. द्रोणात घेऊन पहिला घास तोंडात घातला आणि चावायला काही उरलंच नाही, नुसती केशराची चव जिभेवर राहिली. आभाळातून पडणारं दव हा ज्या पदार्थाचा एक जिन्नस आहे असा दुसरा पदार्थ मी अजून खाल्लेला नाही. मी दुसरा द्रोण मागितला, बहिणीनं तिसरा.

तिथून बडा इमामवाडा हाकेच्या अंतरावर.

नवाब आसफउद्दौलानं १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १७८४ साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून त्यानं हा इमामवाडा बांधायला घेतला. किफायतुल्ला हा वास्तुकार. मधलं दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद, १५ मीटर उंच, आणि त्याला मधे एक खांब नाही, वर एक तुळई नाही! लाकूड नाही, लोखंड नाही. पातळ लखौरी विटा आणि चुना, बस्स. विटा एकमेकींना रेटून धरतात आणि त्या रेट्यावर एवढी कमान तोलून उभी आहे. वरचा भार हलका राहावा म्हणून भिंतींच्या आणि छताच्या पोटात जे पोकळ बोळ ठेवले, तीच प्रसिद्ध भूलभुलैया. म्हणजे ती गंमत म्हणून केलेली नाही. दालन पडू नये म्हणून केलेली आहे. एकसारखी ४८९ दारं आहेत असं वाटाडे सांगतात.

दालनाच्या एका टोकाच्या सज्ज्यात आम्हाला उभं केलं आणि वाटाड्या दुसऱ्या टोकाला गेला. एवढासा दिसत होता. त्यानं काडी ओढली. ती काडी माझ्या कानाशी ओढली! मग त्यानं कागद फाडला, तोही माझ्या कानाशी फाटला. मी सज्ज्याच्या कठड्याला हात लावून उभी राहिले, हलावंसंच वाटेना.

पण खरं सांगते, मला हलवून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. वाटाड्या सहज म्हणाला, ‘ये अकाल में बना है, मजदूरी के लिए.’ आणि माझ्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली. आमचा खानापूर तालुका, विट्याकडचा, कायमचा अवर्षणाचा. १९७२ सालच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. दुष्काळी काम म्हणायचे त्याला. तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, आणि डोक्यावर घमेलं. त्यातूनच आमच्याकडे रोजगार हमी उभी राहिली. तिच्या पिढीनं केलेले रस्ते आणि पाझर तलाव आजही आहेत. आणि इथं माझ्या डोक्यावर जे छत होतं, तेही दुष्काळी काम होतं! इतकी वर्षं ताजमहाल, राजवाडे, किल्ले बघताना ‘कोणी बांधलं’ म्हणून राजाचं नाव पाठ केलं. इथं पहिल्यांदा मी विटांकडे बघितलं आणि मला घमेली दिसली. असंही सांगतात की चांगल्या घरची, पण उपाशी, माणसं दिवसा मजुरी करायला लाजायची. त्यांच्यासाठी रात्री काम काढलं होतं, अंधारात कोणाचा चेहरा कोणाला दिसू नये म्हणून. दंतकथा असेल. पण बहात्तरच्या कामावर तोंडावर पदर ओढून जाणाऱ्या घरंदाज बायांच्या गोष्टी मी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यामुळे मला ती खोटी वाटत नाही.

बाहेर पडल्यावर रूमी दरवाजा. तोही त्याच सालचा, त्याच दुष्काळातला. इस्तंबूलच्या एका दरवाज्यावरून बेतलेला म्हणतात. मी इस्तंबूल पाहून आले होते, पण अशा पाकळ्यांची कमान तिथं माझ्या नजरेला पडली नव्हती. हा अस्सल लखनवी आहे, माझं ठाम मत.

अकरा वाजले, चौकातली दुकानं उघडायला लागली. चिकनचा बाजार! पांढऱ्यावर पांढरं, पिस्त्यावर पांढरं, फिकट गुलाबीवर पांढरं, गल्लीच्या गल्ली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर मी वाढले नाही, पण नोकरीची सगळी वर्षं तिथं खरेदी केली आहे, त्यामुळे गर्दीत माल पारखायचा सराव आहे असं मला वाटत होतं. एका जुन्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेले बुजुर्ग होते. मी कुर्त्यावरची फुलं बघायला लागले तर ते म्हणाले, ‘बिटिया, पहले उलटा करके देखिए.’ आणि त्यांनी कुर्ता आतून बाहेर काढून माझ्या मांडीवर पसरला.

आपल्याकडे पैठणीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे असतात, तीच तिची परीक्षा. चिकनचं तसं नाही. बखिया नावाचा जो टाका आहे तो कापडाच्या मागच्या बाजूनं घालतात. मागं धाग्यांची आडवीतिडवी वीण, आणि पुढच्या बाजूला त्या विणीची सावली तेवढी कापडातून दिसते. पुढं जे दुधाळ पान आपल्याला दिसतं ते पान नाहीच, मागच्या धाग्यांची छाया आहे. मी कुर्ता उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. किती वेळ तेच करत होते. ते बुजुर्ग शांतपणे बघत होते, मग एकेक टाक्यावर बोट ठेवून सांगायला लागले: ही टेपची, साधा धावदोरा, हा फंदा, ही मुर्री, ही हूल, आणि ही जाली. जालीत धागा कापत नाहीत, ओढून काढतही नाहीत. सुईनं कापडाचे उभे-आडवे धागे बाजूला सारायचे आणि ते तिथंच बांधून टाकायचे. म्हणजे कापडात भोक नाहीच, कापडानं दिलेली वाट आहे! यंत्राचं काम कसं ओळखायचं तेही त्यांनी सांगितलं. यंत्राच्या भरतकामाची मागची बाजू गुळगुळीत, एकसारखी, खालच्या दोऱ्यानं कुलूप घातलेली. हाताच्या कामात मागं गाठी असतात, सोडलेली टोकं असतात, आणि दोन फुलं कधी तंतोतंत सारखी नसतात. लखनौच्या चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी यंत्राचा माल त्याच नावानं बाजारात सर्रास विकला जातो. म्हणून कुर्ता आधी उलटा करा. कुठेही घ्या, पण उलटा करा.

आता मला हात बघायचे होते. संध्याकाळी जानकीपुरमला परतल्यावर बहिणीमागे टुमणं लावलं. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मुलीची आत्या चिकन करते, मडियांवला, म्हणजे जानकीपुरमला लागूनच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. अरुंद गल्ली, अंगणात ऊन, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आपा. मांडीवर छापलेला कुर्ता.

छापलेला म्हणजे असा: कापड आधी बेतून घेतात, मग शिसवी ठशांनी त्यावर नक्षी उठवतात, निळीत डिंक घालून. ती निळी रेघ हा नकाशा. आपांनी डाव्या हाताच्या बोटांवर कापड ताणून धरलं, उजव्या हातातली सुई आत घातली, वर काढली, धागा सुईभोवती फिरवला, परत आत. पदरी धाग्यातले किती तार घ्यायचे ते टाक्याप्रमाणे ठरतं, आणि ते त्या बोटांनी मोजतात, डोळ्यांनी नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक मुर्री उगवली, तांदळाच्या दाण्याएवढी, तशीच निमुळती, तशीच फुगीर. मग तिच्याशेजारी दुसरी. पाकळीभर मुर्री व्हायला लागणारा वेळ मी घड्याळ न बघता नुसता बसून घालवला, आणि तेवढ्यात त्या आमच्याशी बोलतही होत्या, भाचीला चहा ठेवायला सांगत होत्या, कोंबड्या हाकलत होत्या. ‘जाली हम नहीं करते,’ त्या म्हणाल्या. ‘जाली वाली दूसरी हैं, इसके बाद उनके यहाँ जाएगा.’ एकाच कुर्त्याची बखिया एका घरी, मुर्री दुसऱ्या घरी, जाली तिसऱ्या घरी! कापड गावं फिरत फिरत पूर्ण होतं. काकोरी, मलिहाबाद, बाराबंकीकडची खेडी, अशा कुठकुठल्या अंगणांतून ते येतं. मग धोब्याकडे. तिथं निळी रेघ धुऊन निघते, नकाशा पुसला जातो आणि तेव्हा कुठं फुलं दिसायला लागतात. मग कलफ, इस्त्री, आणि चौक.

मी आपांना मजुरीचं विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि मी गप्प झाले. मधल्या माणसांच्या साखळीत पैसा झिरपत झिरपत खाली येतो, आणि खाली अगदी थोडा उरतो. याच प्रश्नावर १९८४ साली रुना बॅनर्जी आणि सहबा हुसैन यांनी सेवा लखनौ ही संस्था उभी केली. कारागीर बायकांनी स्वतःच काम घ्यायचं आणि स्वतःच विकायचं. मुझफ्फर अलींचा १९८६ सालचा ‘अंजुमन’ हा चित्रपट, शबाना आझमींचा, तोही याच बायकांचा. परत आल्यावर शोधून पाहिला आणि प्रत्येक चौकटीत मला मडियांवचं अंगण दिसलं. आपांचं वाक्य मात्र कुठल्या चित्रपटात नाही: ‘आँखें तो इसी में गईं, मगर हाथ नहीं मानता.’ हे सगळं पाहिल्यावर हातच्या चिकनच्या किमतीवर घासाघीस करायला माझी जीभ उचलत नाही. दोनाऐवजी एक घेते, पण हाताचा घेते, आणि जमेल तेव्हा जिथं पैसा कारागिरापर्यंत पोचतो तिथून घेते.

आणि इतिहास? तो याच कुर्त्यात आहे. १८५६ साली इंग्रजांनी नवाब वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं आणि तो कलकत्त्याला गेला. पुढच्या वर्षी बेगम हजरत महलनं लढा दिला, तो मोडला गेला. नंतर इंग्रजांनी शहराचे दाट मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढले. तोफांच्या माऱ्यानं फुटलेल्या रेसिडेन्सीच्या भिंती आजही उभ्या आहेत, मी बघून आले, गोळ्यांच्या खुणांवर हात ठेवून आले. दरबार गेला, आश्रय देणारे गेले. टाके राहिले. ज्यांना कोणी राजा उरला नव्हता त्या हातांनी ते बाजाराच्या जिवावर जगवले. म्हणून म्हणते, लखनौला खरेदी हा इतिहास पाहून झाल्यावरचा फावला कार्यक्रम नाही.

आता इमामवाडा पाहिला त्याच दिवशीची, चौकातल्या सराफ्यातली गोष्ट. ही सांगताना मला अजून हसू आवरत नाही, इतका तो आनंद मोठा होता. चांदीची पैंजणं बघत गल्लीतून चालले होते. एका खुराड्याएवढ्या दुकानातून ब्लोअरचा घुर्र आवाज आणि आतून कोणीतरी फोनवर बोलत होतं: ‘आरं पर पाऊस झाला का न्हाई तिकडं?’ मी जागच्या जागी थांबले. लखनौचा चौक, आजूबाजूला सगळं अवधी-उर्दू, आणि मधेच खानापूर-आटपाडीची बोली! पुढं होऊन म्हटलं, ‘मराठी का तुम्ही?’ त्यांनी वर पाहिलं. ‘व्हय. तुमी कुठल्या म्हणायच्या?’ ‘विट्याची.’ बस्स, त्यानंतर मला बोलूच दिलं नाही. ‘आरं, आपल्या इट्याच्या ताई आल्यात! च्या सांग, च्या! बसा की ताई, वाईच टेका.’

गलाईवाले. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यानिमित्त केरळपासून बंगालपर्यंत पांगली आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक. गावच्या यात्रेला येणाऱ्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवरून मुलं राज्यं ओळखायला शिकतात. पण त्यांच्यातल्या एकाला त्याच्या भट्टीपाशी बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. जुने दागिने येतात, तुटलेली नथ, झिजलेली बांगडी, सगळं मुशीत. वर टाकणखाराची चिमूट, म्हणजे मळ वेगळा होतो. ब्लोअर वाढवला, मूस लाल झाली, मग पिवळी, आणि आतलं सोनं एकदम हललं, पाणी झालं. चिमट्यानं मूस उचलून त्यांनी ते साच्यात ओतलं, एक थेंब इकडे तिकडे नाही. टंच काढायचा, तेजाबानं शुद्ध करायचं, तोललेलं परत द्यायचं. दुकानाचा केरसुद्धा टाकत नाहीत, कारण त्यात कण असतात. ‘इस्वासाचा धंदा हाय ताई. सराफ बघत नसतोय, आमी बी फसवत न्हाई,’ ते म्हणाले. वडील बहात्तरच्या दुष्काळानंतर आले होते. शेतात काही उरलं नव्हतं, पाहुण्याच्या पाहुण्यानं इथं आणलं.

बहात्तर! सकाळी इमामवाड्यात ज्या सालानं मला थांबवलं होतं तेच साल चौकाच्या गल्लीत चहाचा कप पुढं करत होतं. एका दुष्काळानं या शहराला इमामवाडा दिला आणि दुसऱ्या दुष्काळानं माझ्या तालुक्याची माणसं त्या इमामवाड्याच्या सावलीत आणून बसवली. माझ्या हातातला कप थरथरला, हे मी लपवत नाही.

मराठी माणसाची लखनौतली खूण मात्र एवढीच नाही. कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्याच्या वास्तूत, जिथं त्याच्या दरबारच्या नर्तकी तालीम घ्यायच्या, तिथं आज पाटी आहे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे, पेशानं वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या गळ्यातल्या बंदिशी कागदावर उतरवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतून लिहिली. शाळेच्या वयात पेटीपाशी बसून मी जे दहा थाट घोकले, बिलावल, कल्याण, खमाज, तेही त्यांनीच बसवलेले. १९२६ साली राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साथीनं त्यांनी लखनौला मॅरिस कॉलेज काढलं, तेच आजचं हे विश्वविद्यालय. पुढं श्रीकृष्ण रातंजनकरांनी कित्येक वर्षं प्राचार्य म्हणून ते सांभाळलं. गिंडे, कायकिणी, एस. सी. आर. भट हे सगळे गायक तिथं त्यांच्या हाताखाली घडले. मी फाटकाशी उभी असताना आतून एकाच वेळी तबला, घुंगरू आणि कोणाचा तरी तोडीतला रियाज ऐकू येत होता. नवाबाच्या परीखान्यात मुंबईच्या वकिलाचे थाट! आत जाऊ देतील का म्हणून विचारलं, तर पहारेकरी म्हणाले, ‘आप महाराष्ट्र से हैं? तो आपका ही है.’

आणखी किती सांगू? अमीनाबादची गडबडझाला गल्ली, बांगड्या आणि कानातल्यांनी छतापर्यंत भरलेली. नखासचा रविवारचा बाजार, जुन्या घड्याळांपासून पुस्तकांपर्यंत काहीही. थंडीतला काळ्या गाजराचा हलवा आणि गुलाबी काश्मिरी चहा. आणि अत्तरं! चौकातल्या अत्तरवाल्यानं कापसाचा फाहा माझ्या मनगटाला टेकवला आणि मला पहिल्या पावसाचा वास आला. मातीचं अत्तर. कन्नौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगेत घालून तिची वाफ चंदनाच्या तेलात धरतात. विट्याकडच्या माणसाला पहिल्या पावसाचा वास म्हणजे काय, हे त्या अत्तरवाल्याला कसं सांगणार? मी सगळ्यात छोटी कुपी घेतली आणि मग मागं फिरून मधली घेतली, आईसाठी.

त्या चौकातल्या गलाईवाल्यांनी निघताना बजावलं होतं, ‘गणपतीत या ताई, लखनौचा गणपती बघाच.’ तेव्हा यंदा भाद्रपदात पुष्पकनं निघायचं नक्की आहे. मक्खन मलाई नसेल, पण मडियांवच्या आपांना भेटायचं आहे, त्यांच्या जालीवाल्या शेजारणीचं काम बघायचं आहे, आणि एक दिवस काढून कन्नौजच्या भट्ट्याही बघायच्या आहेत. मावसबहिणीनं जानकीपुरमच्या शेजारणींना आत्तापासून उकडीचे मोदक कबूल करून ठेवले आहेत. तांदळाची पिठी मी इथून न्यायची आहे.